राखलेली जागा

खुर्ची उचलली तेव्हा मनात वाईट काही नव्हतं, हे इर्मा हुडाकने नंतर स्वतःलाच तीन-चारदा बजावून सांगितलं. मार्च अर्धा उलटला तरी पिट्सबर्गचा हिवाळा जायचं नाव घेत नव्हता. रात्रभर बर्फ पडला होता, टेकडीवरच्या बसगाड्या बंद होत्या, म्हणून तिने मित्राची, क्लेमेंटची, मोटार मागून घेतली होती आणि वीस मिनिटं ती त्या उताराच्या गल्लीत घिरट्या घालत होती. छपाईच्या दुकानातून टिपणाच्या चाळीस प्रती उचलायच्या, पाच मिनिटांचं काम. दोन्ही बाजूंना मोटारी बर्फाखाली गाडलेल्या, आणि मधे एकच जागा, खालचं डांबर दिसेल इतकी खरवडलेली, कडा फावड्याने सरळ कापलेल्या. त्या जागेच्या मधोमध स्वयंपाकघरातली एक खुर्ची: पिवळ्या रेक्झिनची, एका पायाला चिकटपट्टी गुंडाळलेली. ह्या शहरात वाढलेल्या माणसाला त्या खुर्चीचा अर्थ सांगावा लागत नाही. ज्याने बर्फ उपसला त्याची जागा. कायद्याच्या पुस्तकात हे कुठेच नाही. पोलिसाला विचारलं तर तो कानावर हात ठेवतो, आणि त्याच्याही दारासमोर खुर्ची असते. इर्माने ती उचलली, पदपथावर ठेवली, मोटार आत घातली आणि दुकानात गेली.

प्रती यंत्रातून नुकत्याच निघालेल्या, हाताला ऊबदार लागत होत्या. सगळ्यात वर तिचंच वाक्य ठळक छापलेलं: शब्द दिल्याशिवाय कुणी बांधला जात नाही. पाच वर्षं ती ह्या एका वाक्यावर जगत होती. तत्त्वज्ञानात पीएच.डी. करणं म्हणजे दुसरं काय, एक वाक्य धरायचं आणि येईल त्याच्याशी भांडत बसायचं. देश, शेजार, नातं, उपकार, जिथे जिथे माणसाला वाटतं की आपण बांधलेले आहोत, तिथे एक तर कुठेतरी बोलून वा न बोलता शब्द दिलेला असतो, नाहीतर ते बंधन नुसता भास असतो. मधलं काही नाही. हे तिसऱ्या प्रकरणात होतं, आणि तिसरं प्रकरण म्हणजे घराचा मधला खांब. आज साडेतीनला ती ते सगळ्या विभागासमोर वाचणार होती. तिच्या मार्गदर्शक हॅरिएट लिंडक्विस्ट जूनमध्ये निवृत्त होणार होत्या, आणि त्यांनी साफ सांगितलं होतं, "आज हे टिकलं तर मेमध्ये पदवी. नाही टिकलं तर मात्र तुला दुसरं कुणी शोधावं लागेल, आणि तुझ्याशी माझ्याइतकं भांडणारं इथे कुणी नाही." ते खरंच होतं. आणि त्या ऊबदार कागदांवरचं आपलं वाक्य वाचता वाचता इर्मा मधेच थांबली. आधी वाटलं, सकाळपासून कॉफीशिवाय काही खाल्लेलं नाही म्हणून. मग लक्षात आलं की ही भूक नाही. ही लाज आहे. लाज कसली? बाहेर पदपथावर उभ्या असलेल्या एका पिवळ्या खुर्चीची.

ती धावतच गल्लीत आली. मोटारीजवळ एक म्हातारी उभी होती, गाऊनवर पुरुषी कोट, पायात बूट, हातात फावडं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे फावड्यावर टेकून उभी होती.

"ही मोटार तुझी का गं?"

"मित्राची आहे. मी काढतेच, लगेच काढते."

"हा बर्फ कुणी उपसला?"

"तुम्ही."

"मग?"

एकाहत्तर पानांचं तिसरं प्रकरण, एकशे बारा तळटिपा, आणि एका म्हातारीच्या "मग"ला उत्तर नाही. तरी सवयीचं तोंड, गप्प बसेना. ती म्हणाली, "चुकलंच माझं. पण एक विचारू का? रागावू नका. मी तुम्हाला काही शब्द दिला नव्हता ना? तुमची जागा घेणार नाही असा?"

"शब्द?" म्हातारीने तिला नखशिखांत न्याहाळलं. "बाई गं, मी तुला ओळखतसुद्धा नाही!"

"तेच ना!" इर्मा जवळजवळ किंचाळलीच. "आपण ओळखतही नाही एकमेकींना, मी ह्या गल्लीतली नाही, मला हा रिवाज आवडतही नाही, मी त्याविरुद्ध लोकांशी वाद घातलेत, आणि तरीसुद्धा मी तुमचं वाईट केलं. तुमचंच. तुम्ही काय बोललात तुम्हाला कळतंय का?"

"मला एवढं कळतंय की माझा नवरा अकराला डायलिसिसवरून येतो आणि त्याला खालच्या नाक्यापासून चालवत नाही. विद्यापीठातली का तू?"

"हो."

"वाटलंच," म्हातारी म्हणाली.

इर्माने मोटार काढली. मग उतरून खुर्ची परत आणली आणि जागेच्या मधोमध ठेवली, थोडी डावीकडे सरकवली, कारण आधी ती तशी होती. म्हातारी बघत होती. "आता तिच्यावर बसून फोटो काढतेस की काय?" म्हणाली, आणि फावडं ओढत घरात गेली.

उताराच्या तळाशी, नदीजवळच्या मोकळ्या आवारात मोटार लावून इर्मा आतच बसून राहिली. काच तिच्या श्वासाने धुकटली होती. आपल्या पाच वर्षांच्या कामाच्या मधल्या खांबाला एवढी भेग गेली आणि आपल्याला चक्क आनंद होतोय, ही गोष्ट तिला लाजिरवाणी वाटली, पण आनंद काही केल्या आवरेना. उलट बाजूने तपासून पाहिलं. न बोलता दिलेला शब्द? नाही, उघड नकार होता. भास? मग म्हातारीचा नवरा नाक्यापासून चालत आला असता तो काय भासात? म्हणजे शब्दही नाही आणि भासही नाही. मधलं काही नाही असं जिथे तिने छापलं होतं तिथे मधोमध एक पिवळी खुर्ची उभी होती. तिने चाळीसपैकी एक प्रत उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत सुटली. पेन गोठलं होतं, ते ओठात धरून ऊब दिली आणि पुन्हा लिहिलं. गेली दोन वर्षं ती प्रबंध लिहीत नव्हती, डागडुजी करत होती, हे आज कळलं. विचार असा अंगावर धावून येण्याचं सुख ती विसरूनच गेली होती. पहिल्या वर्षी हॅरिएटच्या वर्गातून बाहेर पडल्यावर ती एकदा आपल्या बसमध्ये चढायचीच विसरली होती आणि दोन मैल चालत गेली होती, ते तिला आठवलं. मग लिहिता लिहिता पेन थांबलं, कारण खुर्ची पिवळी राहिली नाही. ती हिरवी झाली.

हिरव्या खुर्च्या चार होत्या. आई ॲरिझोनाला गेली तेव्हा इर्मा अकरा वर्षांची होती. आईने फोनवर सांगितलं होतं, "मी परत येईन असं मी कधी म्हटलं होतं का?" आणि अकरा वर्षांच्या पोरीने अंथरुणात पडल्या पडल्या आईचं एकेक वाक्य आठवून पाहिलं होतं, खरंच, तसा शब्द कुठेच सापडला नाही. आई सुटली होती. तिचं तत्त्वज्ञान सुरू झालं ते तिथे, विद्यापीठ नंतरचं. त्या हिवाळ्यात पहिला बर्फ पडला तेव्हा बाबांनी, बसगाड्यांच्या कारखान्यात रात्रपाळी करून आलेल्या माणसाने, घरासमोर एक नाही, दोन जागा उपसल्या. एक आपल्या मोटारीची, एक आईच्या. आईच्या जागेत हिरवी खुर्ची ठेवली. तीन हिवाळे ती तिथे होती. समोरचे कोव्हाल्चिक दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या घेऊन वरच्या वळणापासून चालत येत, त्या जागेसमोरून जात, खुर्चीकडे बघत नसत. सगळ्या गल्लीला माहीत होतं की आई येणार नाही. तिथे कुणीही कधी मोटार लावली नाही. "बाबा, ती येणार नाहीये, मग खुर्ची कशाला?" असं तिने एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, "बर्फ पडला की उपसायचा. त्याला काय माहीत कोण येणार, कोण नाही." चौथ्या हिवाळ्यात, चौदा वर्षांची असताना, एका दुपारी शाळेतून येऊन इर्माने ती खुर्ची उचलली, पायांवरचा बर्फ आपटून झाडला आणि आत आणून टेबलाशी ठेवली. "तिने कुणाला शब्द दिला नव्हता," म्हणाली. बाबा काही बोलले नाहीत. जेवताना त्याच खुर्चीवर बसले. त्या दिवसापासून आजपर्यंत दोघांनी तो विषय काढला नव्हता. पाच वर्षं, चार प्रकरणं, दोनशे साठ पानं: आपण ती खुर्ची आत आणली ते बरोबरच केलं, एवढंच आपण सिद्ध करत बसलो होतो की काय, असं तिला वाटलं आणि तिने काच खाली केली. गार हवा आत आली. फोन वाजला. बाबाच होते.

"आज कोट घालू का गं? की जाकीट चालेल?"

ते येणार होते, हे ती सकाळपासून विसरली होती. तिनेच बोलावलं होतं, हा शेवटचा टप्पा म्हणून. "काहीही घाला बाबा. सगळे तिथे उसवलेल्या स्वेटरमध्येच येतात."

"चर्चमधल्या बायकांकडून अक्रोडाचे रोल घेतलेत. चाळीस माणसांना पुरतील ना?"

"पुरतील. बाबा..." ती थांबली. "गल्लीत बर्फ किती आहे?"

"आहे की. उपसला सकाळीच," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

क्लेमेंट बोआतेंग, तिच्या बरोबरीने आलेला, तिच्याइतकाच रखडलेला, आज सभेचा सूत्रधार होता. जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला सगळं सांगितलं. तो सँडविच खायचा थांबला आणि हळूच म्हणाला, "अरे देवा. मस्त आहे हे."

"आहे ना?"

"भयंकर मस्त आहे. तुझा खांबच गेला. इर्मे, आता ऐक माझं. आज ह्यातला चकार शब्द काढायचा नाही. वाच, शाबासकी घे, पदवी घे. मग सावकाश पुस्तक लिही ह्याच्यावर."

"आणि कुणी विचारलं तर?"

"कोण विचारणार? खोलीत निम्मे लोक बाहेरगावचे आणि निम्म्यांकडे मोटार नाही. पाच वर्षांत कुणाला सुचलं नाही ते आज दुपारी सुचणार आहे का?" मग तिचा चेहरा पाहून म्हणाला, "तू सांगणार आहेस. हात दाखवून अवलक्षण करणार आहेस."

"नाही सांगत," इर्मा म्हणाली. खरंच तसं ठरवलं होतं तिने. मेमध्ये पदवी, बाबांचा कोट, हॅरिएटची सही. ह्यात मोडता घालायला ती काही खुळी नव्हती.

साडेतीनला खोली भरली. बाबा मागच्या रांगेत, कोटच घालून, मांडीवर रोलचा डबा. हॅरिएट नेहमीप्रमाणे खिडकीशी, डोळे मिटून. झोपल्यात असं समजून बोलणाऱ्यांची तिथे आजवर फजितीच झालेली. इर्माने वाचलं. पन्नास मिनिटं आवाज कुठे अडखळला नाही. मग प्रश्न सुरू झाले. तत्त्वज्ञांच्या सभेत शिस्त अशी की ज्याला नवा प्रश्न विचारायचा त्याने पंजा वर करायचा. सूत्रधार त्याचं नाव यादीत लिहितो आणि क्रमाने पुकारतो. चालू प्रश्नालाच काही जोडायचं असेल तर एकच बोट वर करायचं. बोटवाल्याला आधी संधी, पंजावाल्याने थांबायचं. पहिल्या वर्षाची मुलं बोट आणि पंजा चुकवतात आणि ओशाळतात. तान्ह्या मुलाचं काय, असं एकाने विचारलं. तिने उत्तर दिलं. अपघातात सापडलेल्या परक्या माणसाचं काय? उत्तर दिलं. मेलेल्यांचं काय? तेही दिलं. उत्तरं बिनचूक येत होती आणि प्रत्येक उत्तराबरोबर तिची चुळबुळ वाढत होती, कारण सगळे खांबावर डोकी आपटत होते आणि भेग होती दोन बोटं पलीकडे. कुणीतरी पाहा ना, ती मनात म्हणत होती, इथे, इथे बघा! चौथ्या उत्तरानंतर हॅरिएटनी डोळे उघडून किंचित मान हलवली. म्हणजे टिकलं. म्हणजे मे. आणि त्याच क्षणी इर्माने आपला उजवा हात वर गेलेला पाहिला. पाचही बोटं, सरळ.

क्लेमेंटने सवयीने तिचं नाव लिहूनही टाकलं. मग वर पाहिलं. खोलीत हशा पिकला. "वक्त्या यादीत सातव्या," तो हताशपणे म्हणाला, "मधे दोघं आहेत." इर्मा थांबली. नियम म्हणजे नियम. त्या दोघांना तिने उत्तरं दिली, ती काय दिली ते तिला नंतर आठवलं नाही. मग क्लेमेंट म्हणाला, "इर्मा हुडाक," आणि ती बोलायच्या जागेवरून निघाली, पहिल्या रांगेत एक रिकामी जागा होती तिथे जाऊन बसली, आणि समोरच्या मोकळ्या जागेला उद्देशून बोलू लागली. आधी पिवळी खुर्ची सांगितली. लोक हसले, म्हातारीच्या "मग"ला तर फारच. मग तिला वाटलं इथे थांबावं, पण ती थांबली नाही. मागे वळून न बघता म्हणाली, "दुसरं उदाहरण. एक माणूस, बायको येणार नाही हे माहीत असून तिच्या जागेतला बर्फ उपसतो आणि खुर्ची ठेवतो. तीन हिवाळे शेजारी तिथे मोटार लावत नाहीत. कुणी कुणाला शब्द दिलेला नाही. त्याची मुलगी खुर्ची आत आणते, आणि म्हणते, शब्द दिलेला नव्हता. माझा वक्त्यांना प्रश्न असा, तिचं म्हणणं खरं असूनही तिने वाईट का केलं? कारण तिने केलं. मला माहीत आहे." सगळ्यांनी समोर पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

मग एक बोट वर झालं. मग दुसरं, तिसरं. बघता बघता खोलीभर बोटंच बोटं, पंजा एकही नाही. ह्या प्रश्नावरून कुणालाच हलायचं नव्हतं. खिडकीशीही एक बोट वर होतं. सतरा वर्षांत हॅरिएट लिंडक्विस्टनी यादीत नाव घातलं नव्हतं. त्यांना वाटेल तेव्हा त्या बोलत.

"तिसरं प्रकरण गेलं," त्या म्हणाल्या, "एवढं तरी सगळ्यांना मान्य असावं. मे विसर. राहता राहिलं जूनचं, तर जूननंतर मला दुसरा काही उद्योग नाही. घरी माझ्याशी कुणी भांडतही नाही. आता मुद्द्यावर बोला." आणि लोक बोलू लागले, एकमेकांना तोडत, टेबलावर थापा मारत, आणि इर्माला एकदम रडू आणि हसू दोन्ही येऊ लागलं. अर्ध्या तासाने क्लेमेंटने यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "बोटं संपली. एक हात आहे. मागचे गृहस्थ."

इर्माने तेव्हा मागे पाहिलं. बाबांचा हात वर होता, शाळेतल्यासारखा. नाव लिहिलं गेलं की हात खाली घ्यायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. बराच वेळ त्यांनी तो तसाच धरला होता. ते डबा बाजूला ठेवून उभे राहिले.

"मला तुमचं फार काही कळलं नाही," ते म्हणाले. "पण ती खुर्ची माझी. हिरवी. तीन वर्षं मी रोज ठरवायचो, आज आत घ्यायची. हात धजायचा नाही. सगळी गल्ली माझ्यासाठी लांब मोटारी लावत होती, त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, की आता लावा? मग ह्या पोरीने ती आत आणली. मी बोललो नाही काही. तिला वाटलं असणार मी रागावलो. अहो, मी सुटलो! त्या दिवशी मी पोटभर जेवलो." त्यांनी कोटाचं बटण चाचपलं. "तर तिने वाईट केलं असं तेवढं लिहू नका. हा प्रश्न नाही. एवढंच सांगायचं होतं." आणि ते बसले.

इर्माचा चेहरा ओला झाला होता आणि तिने तो पुसला नाही, कारण डोकं धावू लागलं होतं. दिलेल्या शब्दातून मोकळं करण्याचा हक्क फक्त ज्याला शब्द दिला त्याचा, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. इथे शब्दच नव्हता, आणि जिच्यासाठी जागा राखली ती हजारो मैल दूर. मग चौदा वर्षांच्या एका रागावलेल्या पोरीने, जिला काडीचा हक्क नव्हता, चुकीचं कारण देऊन ती गाठ सोडवली, आणि ती सुटली कशी? तिला माहीत नव्हतं. ह्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. पानं उद्यापासून पहिल्या ओळीपासून लिहायची होती, आणि सुरुवात कुठून करायची ते तिला दिसत होतं.

"आणखी कुणी?" क्लेमेंटने विचारलं.

इर्माने मागे वळून बाबांकडे पाहिलं आणि एक बोट वर केलं.